वाघाला ऐकवलेली बिअरची कृती

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलो म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, वाघ दिसला का. नाही दिसला. मात्र त्यानं मला ऐकलं असण्याची बरीच शक्यता आहे, कारण आरमोरीजवळच्या जंगलात एका पहाटे मी चांगली वीस मिनिटं मोठ्या आवाजात घरगुती बिअर कशी करतात ते सांगत होतो. वाघानं त्या माहितीचं काय केलं ठाऊक नाही. गावातल्या बायकांनी मात्र त्याच दिवशी दुपारी माझं नाव एका वहीत चढवलं. ते कसं झालं ते सांगतो.

मी सुहास. वय चोपन्न, नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. सहा वर्षांपूर्वी मला घरी बिअर करायचा नाद लागला. मोड आणून भाजलेले जव भरडायचे, गरम पाण्यात भिजत ठेवायचे, गाळून उकळायचे, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकायची, गार झालं की यीस्ट घालायचं आणि मग पंधरा-वीस दिवस बाल्कनीतल्या बादलीभोवती बाळंतिणीच्या नवऱ्यासारख्या येरझाऱ्या घालायच्या. परवान्याबिरवान्याचं कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. एका वर्षी आल्याची बिअर केली होती. तिच्या चार बाटल्या नीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, साड्यांच्या कपाटात तळाशी ठेवल्या होत्या. त्या ऐन गणपतीत फुटल्या. खालच्या मजल्यावरच्या काकांना वाटलं, आमच्या घरी यंदा आरतीला फटाकेही आहेत. नीताच्या दोन पैठण्यांना अजून आल्याचा वास येतो.

आम्ही असे सहा नादिष्ट लोक आहोत. वर्षातून एकदा पावसाळ्यात जमतो, एकमेकांच्या बिअर चाखतो आणि क्रमांक लावतो. सलग तीन वर्षं माझा क्रमांक सहावा आला. गेल्या खेपेला आमच्यातल्या दिघ्यांनी, जे पूर्वी दातांचे डॉक्टर होते, माझी बिअर तोंडात घोळवली आणि म्हणाले, "ओला पुठ्ठा." बाकी चौघांनी माना डोलावल्या. त्या माना पाहून मी ठरवलं की पुढल्या वर्षी कुणी चाखलीच नसेल अशी बिअर करायची. मोहाच्या फुलांची.

मोह कुठे मिळेल म्हटल्यावर मनोहर आठवला. मनोहर आमच्याच प्रयोगशाळेत बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो गावी गेला, आरमोरीपासून दहा-अकरा किलोमीटरवर, धान पिकवायला. त्याची बायको कुंदा सासू-सासरे आणि शेती सांभाळत सगळी वर्षं गावीच राहिलेली. मी तिला एकदाच भेटलो होतो. फोन करून मी मनोहरला सांगितलं, मोह पाहायला येतोय. "ये की, एप्रिलात नुसता सडा पडतो," तो म्हणाला. मोह कशासाठी पाहायचा, हे मी सांगितलं नाही. तिकडे गेल्यावर चकित करू, असं मनात होतं.

चंद्रपूर ते नागभीड

चंद्रपूरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि पुण्यात मे महिन्याच्या दुपारी होत नाही एवढं तापलं होतं. लॉजवरच्या माणसानं सांगितलं, "साहेब, अकरा ते पाच बाहेर पडू नका, कूलरसमोर बसा." मी कूलरसमोर बसलो. संध्याकाळी जवळच्या एका ठिकाणी थंड बिअर घेतली. मधली काही वर्षं या जिल्ह्यात बंदी होती, ती उठली आहे, हे वेटरनं न विचारता सांगितलं, इतक्या समाधानानं की जणू त्यानंच उठवली.

दुसऱ्या दिवशी नागभीडच्या गाडीत समोर एक धानाचे व्यापारी बसले होते. बॅग मांडीवर घेऊन बसलेला माणूस पाहून त्यांनी चौकशी केली. मी आरमोरी म्हणालो.

"मंग तर तुमचं तिथी काई खरं नाई," ते म्हणाले. "नदीपलीकडं बंद हाय."

"काय बंद आहे?"

त्यांनी अंगठा ओठाकडे नेला. "पूर्ण जिल्हाच बंद हाय. कधीपासूनचा. इकडं चंद्रपुरात चालू झाली, तिकडं गडचिरोलीत नाई. मधात वैनगंगा. एका काठावर चालते, दुसऱ्या काठावर गुन्हा."

माझ्या बॅगेत दोन किलो बेल्जियमचे जव होते, हॉप्सच्या गोळ्यांचं पाकीट होतं, यीस्टच्या तीन पुड्या होत्या, द्रवाची घनता मोजायची काचेची नळी होती आणि एक रबरी नळी होती. ताज्या फुलांवर तिथल्या तिथे छोटा प्रयोग करावा म्हणून हे सगळं वागवत आणलं होतं. एवढा अभ्यास करून निघालेल्या माणसाला जिल्ह्यात दारूबंदी आहे हे माहीत नसावं, याचं आता मलाही नवल वाटतं. पण मी मोहाच्या साखरेचं प्रमाण वाचलं होतं, झाडाची उंची वाचली होती. कायदा वाचला नव्हता.

नागभीड स्टेशनबाहेर मनोहर मोटारसायकल घेऊन उभा होता. उन्हानं रापला होता, पोट गेलं होतं, दहा वर्षांनी तरुण दिसत होता. चार किलोमीटर गेल्यावर मी त्याला खरं सांगितलं. त्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि उतरला.

"बिअर," तो म्हणाला.

"थोडीशीच. पाच लिटर."

"सुहास, आमच्या गावात दारूबंदी समिती आहे. बायकांची. त्यांनी आठ भट्ट्या बंद पाडल्यात. त्या समितीची अध्यक्ष कोण आहे, माहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

"तुझी वहिनी."

आम्ही दोघं पळसाच्या सावलीत सरकलो. बॅग नागभीडलाच कुणाकडे ठेवावी, असं तो म्हणाला. मी म्हटलं, जव उष्णतेनं खराब होतील. आज हे आठवलं की शरम वाटते, पण त्या वेळी मला वहिनींपेक्षा जवांची काळजी जास्त होती. शेवटी मनोहर म्हणाला, "बॅग उघडायची नाही. घरात त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही. फुलं पाहायची, भात खायचा आणि परत जायचं." मी कबूल केलं.

पूल

ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो. एप्रिलात नदी वाळूतून दोन-तीन धारांनी वाहत असते आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या असतात. पुलापलीकडे तपासणी होती. आमच्या पुढची गाडी सोडली आणि हवालदारांनी आमच्याकडे बोट केलं. पन्नाशीचे, शांत चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी बॅग उघडायला लावली.

जव त्यांनी हातात घेऊन पाहिले आणि ठेवले. मग हॉप्सचं पाकीट उघडलं. आत हिरव्या गोळ्या असतात आणि त्यांना उग्र, चिकट वास असतो.

"हे काय हाय?"

"हॉप्स," मी म्हणालो. "एक वेल असते. तिच्या फुलांच्या गोळ्या आहेत. कडवटपणासाठी घालतात."

"कायच्या कडवटपणासाठी?"

माझं तोंड उघडलं होतं, त्यातून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही, पण मनोहर मधे पडला. "काढ्याच्या. यायले पोटाचा त्रास हाय जी. पुण्याचे हायत."

वैनगंगा ओलांडली की मनोहरचं 'मला' सुटतं आणि 'मले' सुरू होतं, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. हवालदारांनी पाकीट नाकाशी नेलं.

"वास तर गांजाचा येऊन राह्यला."

हॉप्स आणि गांजा ही एकाच कुळातली झाडं आहेत. ही माहिती मला होती, आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दिली नाही.

"पोटासाठी हाय म्हणता न," हवालदार म्हणाले, "मंग खाऊन दाखवा."

हॉप्स कुणी खात नाही. वीस लिटर पाण्याला त्याच्या मूठभर गोळ्या पुरतात. मी दोन तोंडात टाकल्या आणि चावल्या. पहिल्यांदा जीभ बधिर झाली, मग कानामागे काहीतरी ताणलं गेलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हवालदार माझ्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहत होते. पाकिटावरची अक्षरंही त्यांनी सावकाश वाचली, एकदा वरिष्ठांना फोन लावून अक्षरं वाचून दाखवली. मग पाकीट नीट दुमडून बॅगेत ठेवलं.

"येवढं कडू हाय म्हंजे औषधच असन," ते म्हणाले. "जा."

आरमोरी येईपर्यंत मला बोलता आलं नाही. बाजाराजवळ मनोहरनं उसाचा रस पाजला. तोही कडू लागला.

मनोहरचं घर

कुंदावहिनी अंगणात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, आवाज हळू. असा हळू आवाज असलेल्या माणसाचं घरात सगळे ऐकतात. "या भाऊजी, उन्हाचे आले," म्हणून त्यांनी पाणी दिलं, पाय धुवायला बादली दिली आणि माझी खोली दाखवली. खोलीत खाटेच्या पायथ्याशी पाच मोठे निळे प्लास्टिकचे ड्रम होते, झाकणाचे, अगदी माझ्या बादलीच्या चौपट. मी नकळत एकावर हात फिरवला.

"भट्टीवरचे हायत," वहिनी म्हणाल्या. "धुऊन घेतले. आता बियाण्याचं धान ठेवतो."

रात्रीच्या जेवणाला उकडा भात, तलावातल्या मासोळीचा रस्सा आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी होती. पुण्यात आम्ही भात चमच्यानं मोजून घेतो. इथे वहिनींनी वाढलेला भात मी संपवला तेव्हा त्यांनी काळजीनं विचारलं की तब्येत बरी नाही का. शेवटी पेल्यात आंबील आली. ज्वारीचं पीठ भिजवून आंबवलेलं, मीठ घातलेलं, पातळ. आंबट इतकी सुरेख होती की माझ्यातला नादिष्ट जागा झाला.

"किती तास आंबवलंय हे?" मी विचारलं. "आधीच्या आंबिलीचं विरजण घालता की हवेतलंच धरतं?"

वहिनींनी मनोहरकडे पाहिलं. मनोहर पेल्यात पाहत होता.

"एक दिवस एक रात," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमाले सैपाकाची आवड दिसते."

मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

जंगलात

मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. पाच वाजता आम्ही निघालो. वहिनी, अकरा बायका, मनोहर आणि मी. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली होती आणि शेवंता नावाच्या एका ठसठशीत बाईंच्या हातात तेलाचा रिकामा पिपा आणि काठी होती. पिपा कशाला ते मी विचारलं नाही, पण वहिनींनी सांगितलं. गेल्या हंगामात शेजारच्या गावची एक बाई मोह वेचताना वाघानं नेली. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. म्हणून आता एकटं कुणी जात नाही, आणि वेचताना तोंड बंद ठेवायचं नाही.

"गाणं म्हणा, भांडण करा, काईबी करा, पण बोलत राहा," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज बंद झाला तर आमी पाहाले येऊ."

मोहाच्या झाडाखाली पहिल्यांदा उभं राहिलो तो क्षण विसरणार नाही. जमिनीवर फिकट पिवळी, रसरशीत, द्राक्षाएवढी फुलं पडली होती आणि डोक्यावरून अजून पडत होती, टप, टप. गोड, जड वास. एक फूल तोंडात टाकलं. आधी मध, मग काहीतरी रानटी, मातीचं. दिघे आठवले. या वेळी दिघे पुठ्ठा म्हणणार नाहीत, असं मी मनात म्हणालो.

मला दिलेलं झाड बाकीच्यांपासून तीसेक पावलांवर होतं. सगळीकडून आवाज येत होते. कुणी जात्यावरची ओवी म्हणत होतं, दोघी जणी सुनांविषयी बोलत होत्या, पिपा वाजत होता. मी गणपतीची आरती म्हटली. मग शंकराची, मग देवीची. आरत्या संपल्यावर पाढे म्हटले. एकोणिसाचा मधेच अडला. मग कारखान्यातल्या सगळ्या विभागप्रमुखांची नावं, त्यांच्या स्वभावासह. तेही संपलं. झुडपात काहीतरी सळसळलं. रानकोंबडी असेल, पण माझं डोकं रिकामं झालं, आणि रिकाम्या डोक्यात जे सगळ्यांत खोलवर पाठ होतं ते बाहेर आलं.

"जव भरडून घ्यायचे," मी ओरडलो. "पीठ करायचं नाही, फक्त फोडायचे. सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर. सदुसष्टच्या वर गेलं की संपलं."

आवाज चांगला लागत होता. मी वाकून वेचत गेलो आणि सांगत गेलो. गाळणं, उकळणं, हॉप्स कधी टाकायचे, गार किती वेगानं करायचं, यीस्टला हवा किती लागते, दारूचं प्रमाण काढायचं सूत्र, बाटल्या का फुटतात. मोह कुठल्या टप्प्यावर घालायचा यावर माझे दोन विचार होते, ते दोन्ही मांडले. मधेच जाणवलं की पिपा थांबला आहे. ओव्याही थांबल्या आहेत. सगळं जंगल गप्प झालंय. आता वाघ आलाच, असं समजून मी आणखी मोठ्यानं सुरू केलं. "सहा टक्के! आठपर्यंत नेता येते, पण चव जाते."

मग मान वर केली. माझ्या झाडाभोवती बारा बायका उभ्या होत्या. मनोहर त्यांच्या मागे एका सागाला टेकून जमिनीकडे पाहत होता.

शेवंताबाई वहिनींकडे वळल्या. "कुंदाबाई, भाऊ दारूच सांगून राह्यले न?"

वहिनींनी माझी टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि गावाकडे चालायला लागल्या.

समाजमंदिर

दुपारी समिती बसली. मला मधे सतरंजीवर बसवलं होतं. माझ्या पुढ्यात माझी बॅग रिकामी करून मांडली होती. इतकी वर्षं हा नाद करतोय, पण रबरी नळी, काचनळी आणि जवांची पिशवी अशी ओळीनं मांडली की किती वाईट दिसतात हे मला त्या दिवशी कळलं.

शेवंताबाईंनी सुरुवात केली. त्या चिडलेल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "माह्या नवऱ्याच्या भट्टीवर मी सोता गेली होती कुंदाबाईसंग. त्यानं मले आठ दिवस घरात घेतलं नाई. आता अध्यक्षीणबाईच्या घरी दारू काढणारा पाहुणा उतरते, त्याच्या खाटेखाली सामान निंगते. उद्या माहा नवरा मले हासन. मी त्याले काय सांगू?"

वहिनींच्या मानेवर शीर दिसत होती. मला वाटलं, त्या म्हणतील, मला माहीत नव्हतं. तेवढं म्हणाल्या असत्या तर सुटल्या असत्या आणि मनोहर अडकला असता. त्या म्हणाल्या, "शेवंताबाई बराबर बोलते. नियम सगळ्यांले एकच." आणि त्यांनी वही काढली.

त्या वहीत गावात दारू करताना किंवा आणताना सापडलेल्यांची नावं होती, प्रत्येकापुढे कबुली आणि सही किंवा अंगठा. मनोहरच्या सख्ख्या चुलतभावाचं नाव त्यात दोनदा होतं. मी उभा राहिलो. सांगितलं की मनोहरला मी नागभीड सोडल्यावर सांगितलं, वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं, आणि बॅग नागभीडलाच ठेव असं तो म्हणाला तेव्हा मी ऐकलं नाही. बायका ऐकत होत्या. मग कबुली काय लिहायची यावर चर्चा झाली. 'दारू करणार नाही' एवढ्यावर मी सही केली असती तर माझा नाद कायमचा बंद झाला असता, आणि तेवढं शेवंताबाईंनाही नको होतं. पुण्यात काय करता ते तुमचं तुम्ही पाहा, असं त्यांचं मत पडलं. शेवटी मजकूर ठरला: 'या जिल्ह्यात मी दारू करणार नाही, आणणार नाही, आणि जंगलात तिची माहिती मोठ्यानं सांगणार नाही.' शेवटचा भाग कुणी सुचवला ते कळलं नाही, पण तो लिहिताना वहिनींच्या मानेवरची शीर उतरली.

जवांचा निकाल लगेच लागला. एकीनं चार दाणे चावून पाहिले आणि म्हणाली, "हे तर सातू हाय." बेल्जियमहून आलेले माझे जव तिथल्या तिथे जात्यावर दळले गेले, चाळले गेले आणि गुळाच्या पाण्यात कालवून सगळ्यांना वाटले गेले. मलाही वाटी मिळाली. खरं सांगायचं तर त्या जवांचं माझ्या हातून इतकं चांगलं काही कधीच झालं नव्हतं.

वाट्या रिकाम्या होत असताना कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली. पहाटेपासून तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. जंगलात ती माझ्या शेजारच्या झाडाखाली होती.

"बाबू, तू मोह उकळतेस काय?"

"तसा विचार होता, सगुणाबाई," मी म्हणालो. नाव मागे बसलेल्या मनोहरनं कानात सांगितलं. "जंतू मरावेत म्हणून."

"मंग मोह कायले पाहिजे तुले? गूळच घाल."

सगुणाबाईंनी माझी काचनळी उचलली, उजेडात धरली.

"यानं काय करतेस?"

"साखर किती उरली ते कळतं. म्हणजे तयार झाली की नाही ते."

"कान नाई काय तुले?" त्या म्हणाल्या. "आधी तव्यावर पाणी पडल्यासारखं वाजते. मंग बारीक होते. मंग एक दिवस आयकू येत नाई, पण हात ठेवला का समजते."

शेवंताबाई वहिनींकडे पाहत होत्या. वहिनी वहीत पाहत होत्या.

"सगुणाबाई," वहिनी वर न पाहता म्हणाल्या, "मोहाच्या लाडवाचं सांगून राह्यल्या न तुमी?"

"लाडवाचंच," सगुणाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला लाडवाचं सांगितलं. फुलाच्या आतलं केसर एक-एक काढायचं, नाहीतर लाडू घशाला खवखवतो. वाळवायचं ते बांबूच्या ताटव्यावर, जमिनीवर नाही, कारण रेती गेली की गेली. वाळलेलं फूल धुवायचं नाही. आणि लाडू पहिल्या उकाड्यात घाईनं करायचा नाही, थंडाव्याला ठेवायचा. लाडू पुढचे बारा दिवस काय करतो, हेही त्यांनी सांगितलं. मी कारखान्यात नवीन उपकरण शिकतो तसा मान खाली घालून ऐकत होतो. त्यांचे हात बोलताना हवेत मडक्याएवढा गोल धरत होते.

संध्याकाळी वहिनींनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. सगुणाबाईंच्या हातची एके काळी चार गावांत नावाजलेली होती. लोक नदीपलीकडून यायचे. त्यांचा थोरला मुलगा ती पिऊनच गेला, तिसाव्या वर्षी. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी आपली मडकी अंगणात आणून एक-एक करून स्वतः फोडली, आणि समिती त्या अंगणात सुरू झाली. पहिलं नाव वहीत त्यांनी स्वतःचं लिहायला लावलं.

"तेव्हापासून तिनं त्या गोष्टीचं तोंडातून एक अक्षर काढलं नाई," वहिनी म्हणाल्या. "आज काढलं. तुमी इचारलं म्हणून नाई. तुमाले येत नाई म्हणून."

परत

निघताना सगुणाबाई मोहाची वाळलेली फुलं घेऊन आल्या, दोन किलोच्या आसपास, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. प्रत्येक फुलातलं केसर काढलेलं. किती तास बसल्या असतील ते मी विचारलं नाही. शेवंताबाईंनी गाठोडं सोडून पाहिलं, वास घेतला, परत बांधलं. "मोह खायची वस्तू हाय," त्या म्हणाल्या. "नदीपलीकडं त्याचं काय होते ते आमी पाहाले येत नाई." पुलावर या वेळी दुसरे हवालदार होते. त्यांनी गाठोड्याला हात लावून आम्हाला जाऊ दिलं.

घरी आलो आणि सगळं सगुणाबाईंनी सांगितलं तसं केलं. उकळलं नाही. बाल्कनीऐवजी बादली न्हाणीघरात, फरशीच्या गारव्याला ठेवली, त्यामुळे आम्ही तीन आठवडे शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत गच्चीवरच्या नळाशी आंघोळ केली. नीता रागावली होती, पण अठराव्या दिवशी ती स्वतःच बादलीवर हात ठेवून म्हणाली, "झाली वाटतं." काचनळीनंही तेच सांगितलं, तीन दिवसांनी.

जुलैच्या शेवटी आम्ही सहा जण जमलो. दिघ्यांनी घोट घेतला, घोळवला, गिळला. पेला पुढे केला आणि म्हणाले, "अजून थोडी." माझा क्रमांक दुसरा आला. पहिला दिघ्यांचा, ते स्वतःला मत देतात.

दुसऱ्या दिवशी मनोहरला फोन लावला. त्याच्याकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू होती, मागे बांधावरच्या बायकांचे आवाज येत होते. मी त्याला हळूच सांगितलं. तो म्हणाला, थांब, आणि मग बराच वेळ नुसतं पाण्यात पाय पडल्याचं ऐकू येत राहिलं.

"बाबू," सगुणाबाईंचा आवाज आला. "घशाले लागली काय?"

"नाही. अजिबात नाही."

"वास कवा आला?"

"पहिल्या घोटाला आला नाही. पेला रिकामा झाल्यावर, मागाहून आला."

फोन तुटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"माहीबी तशीच राहे," त्या म्हणाल्या.

मग फोन कुंदावहिनींच्या हातात गेला. त्यांनी काय चाललं होतं ते विचारलं नाही. पुण्यात पाऊस कसा आहे, एवढंच विचारलं, आणि मी तो चांगला आहे म्हणून सांगितलं.